ठोकळे सर गेले. फलकावर नेमकं काय लिहायचं?

जुना_बुधवारी

मंडळी, सर गेले. गेल्या महिन्यात, झोपेतच. वय ऐंशीच्या पुढं होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. शाळेचंही नको. ज्यांना कळायचं त्यांना "ठोकळे सर" एवढ्यावर कळेल. बाकीच्यांनी आपापल्या शाळेतले असे एखादे सर आठवून वाचावं.

ठोकळे हे आडनाव नव्हे. आमच्या शाळेत नाटकाचं सामान म्हणजे खोक्यांच्या देवदारी फळ्यांचे सहा ठोकळे. सरांनी स्वतः ठोकलेले, तपकिरी ऑइलपेंट मारलेले. आडवा टाकला की पायरी, उभा केला की खुर्ची, दोन जोडले की खाट, चार रचले की किल्ला. एका वर्षी गॅदरिंगच्या पाहुण्यांनी माइकवरून "नाट्यकलेला वाहून घेतलेले श्री. ठोकळे" असा उल्लेख केला. सरांनी उठून हात जोडले आणि खाली बसले. दुरुस्ती केली नाही. तेव्हापासून ते ठोकळेच.

आता प्रश्न. माजी विद्यार्थ्यांनी पैसे काढलेत, शाळेच्या हॉलच्या दाराशी फलक बसवायचाय. मजकूर चार ओळींचा. शाळेनं मसुदा दिलाय त्यात "चित्रकला शिक्षक" असं लिहिलंय, कारण दप्तरी पद तेच. ग्रुपवर यावरनं भांडण लागलंय. निम्मे म्हणतात, "नाट्यशिक्षक" लिहा नाहीतर फलक नको. मीही त्याच बाजूचा. आयुष्यभर माणसानं नाटकं बसवली आणि दगडावर चित्रकला?

तुमचं मत सांगा. आणि आठवणीही लिहा. शनिवारच्या सभेत मला पाच मिनिटं बोलायचंय. त्यातली दोन मी रडणार आहे, त्यामुळं तीन मिनिटांचाच ऐवज पुरे.

पांढरा_रस्सा

श्रद्धांजली.

आमच्याकडं पी.टी.चे सर नाटक बसवायचे. सगळी पात्रं एका रांगेत "विश्राम"मध्ये उभी. शिवाजी महाराजसुद्धा.

तिसरी_घंटा

भावा, वाचून पोटात कालवलं. मी ८८ ची बॅच.

पदाचं राहू दे, आधी हे ऐक. बालनाट्य स्पर्धेला आम्ही केशवरावला, म्हणजे कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, प्रयोग केलता. दुपारची वेळ, आमच्या आधीच्या संघाचं सामान उतरत होतं. सर चपला काढून स्टेजवर आले, गुडघ्यावर बसले आणि तळहात फळ्यांवरनं फिरवत चालले. या विंगेपासून त्या विंगेपर्यंत, पट्ट्या-पट्ट्यानं, बाई सारवती तसं. मला वाटलं रंगभूमीला नमस्कार करालेत. मी पण लगेच हात जोडून उभा.

आमच्या नाटकात सगळी पोरं अनवाणी होती. आधीच्या लोकांनी फ्लॅट (देखाव्याच्या चौकटी) उभे करताना खिळे सांडलेले. सरांनी अकरा खिळे आणि एक टाचणी गोळा केली, शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "आता पळा."

ते खिळे दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला आमची चित्रं टांगायला वापरले, ते वेगळंच.

झाड_क्रमांक_२

पाचवी ते आठवी, चार वर्षं मी झाड होतो. नववीत बढती मिळून खांब झालो. दहावीत बोर्डाची परीक्षा म्हणून घरच्यांनी नाटक बंद केलं, त्याच वर्षी संवाद मिळणार होता असं सर म्हणालते. अजून खरं-खोटं माहीत नाही.

पण झाडालासुद्धा सरांनी सोडलं नाही. "वारा कुठनं येतोय ते ठरव." मी म्हटलं, सर, वारा नाहीच की नाटकात. "मग हलतोयस कशाला?"

जाता जाता, ठोकळे पाच होते. सहा नाही.

जुना_बुधवारी

@झाड_क्रमांक_२ सहाच. मी वाहिलेत.

झाड_क्रमांक_२

आणि मी चार वर्षं त्यांच्या शेजारी उभा होतो. पाच.

मी_येतो

हा आयडी का घेतला ते आज सांगायची वेळ आली.

बाहेरगावच्यांसाठी: कोल्हापुरात बायका, पोरी सर्रास "मी आलो", "मी जातो", "मी जेवलो" म्हणतात. माझी आजी, आई, मी, सगळ्या. पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी "मी डबा खाऊन येतो" म्हटलं तर आख्खा मजला वळून बघत होता.

तर आठवीत असताना नाटकात मला थोरल्या बहिणीचं काम होतं. संहितेत "मी येते हं आई" असं वाक्य. माझ्या तोंडून दरवेळी "मी येतो गं आई". तिसऱ्या तालमीला मी रडकुंडीला आले. सरांनी माझ्या हातातली वही घेतली आणि पेनानं "ते" चं "तो" केलं. म्हणाले, "ही पोरगी कुठल्या गावची आहे? कोल्हापूरचीच ना? मग ती असंच म्हणेल. मात्र पूर्ण नाटकात तसंच म्हण, मध्येच पुण्याला जाऊन येऊ नकोस."

स्पर्धेत परीक्षकांनी शेरा लिहिला की मुलीच्या तोंडी पुल्लिंगी क्रियापदं, उच्चारांकडं लक्ष द्यावं. अभिनयाचं बक्षीस त्या एका शेऱ्यावर गेलं असं आम्हाला वाटलं. सरांनी तो कागद वर्गात वाचून दाखवला, घडी घालून ठेवला, आणि पुढच्या वर्षीच्या नाटकात झाडून सगळ्या पोरींना "मी येतो" दिलं.

फलकाबद्दल: काहीही लिहा, पण शुद्धलेखन तपासून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सर खाली येतील.

सांगलीकर

आदर ठेवून असहमत. बोलीत नाटक करायचं तर सगळंच बोलीत करा. बाकी संवाद प्रमाण भाषेत आणि एका बहिणीचं क्रियापद तेवढं कोल्हापुरी, याला भूमिका नाही म्हणत, हट्ट म्हणतात. परीक्षकांचं चुकलं असं मला वाटत नाही. शाळेतल्या मुलांना रंगमंचावरची स्वच्छ मराठी नाही शिकवायची तर कुठं शिकवायची?

आणि १८४३ साली ५ नोव्हेंबरला विष्णुदास भावे यांनी पहिलं नाटक सांगलीत केलं, हे विनम्रपणे नमूद करतो.

पांढरा_रस्सा

आला बघा सांगलीचा उतारा.

तिसरी_घंटा

जन्म सांगलीत झाला हे मान्य. बाळंतपणाला माहेरी जायची पद्धतच आहे. वाढवलं कुणी?

मी_येतो

@सांगलीकर तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आई प्रमाण बोलत होती आणि मी नाही, हे आज वाचताना खटकतंय खरं. पण ती आई झालेली मुलगी मूळची बेळगावची, तिचं मराठी अजून तिसरंच होतं! सर उच्चारांवर मेहनत घ्यायचे, घ्यायचे नाहीत असं नाही. न आणि ण साठी "पाणी आण, पण कोण?" हे पन्नास वेळा. पेन्सिल दातात आडवी धरून परिच्छेद वाचायचा, मग काढून वाचायचा. त्यांचं म्हणणं एवढंच की ण नीट काढायला शिकव, पण पोरीची आई बदलू नको.

प्रकाशयोजक

मी स्टेजवर कधीच नव्हतो. मी डिमरवाला.

नव्या पोरांना सांगून पटणार नाही, पण आमचा डिमर मिठाच्या पाण्याचा होता. चिनी मातीची लोणच्याची बरणी, त्यात मीठ विरघळवलेलं पाणी, तळाशी एक पत्रा, वर दोरीनं टांगलेला दुसरा पत्रा. दोन्ही पत्र्यांना वायर. वरचा पत्रा खाली सोडत गेलं की दोन्हींतलं अंतर कमी होतं, वीज जास्त जाते, दिवा उजळतो. वर ओढलं की मंदावतो. पहाट करायची असेल तर दोरी हळूहळू सोडायची. प्रयोग रंगला की बरणीतनं वाफा यायच्या. मीठ कमी पडलं तर पहाट व्हायचीच नाही. एकदा मी घाबरून मूठभर जास्त टाकलं, तर पहाटेच्या जागी थेट दुपारचे बारा.

स्पॉट म्हणजे डालड्याचे डबे. आतून घासून चकचकीत केलेले, तोंडाला जिलेटिनचा रंगीत कागद. रंगपंचमीला उरलेला कागद चालत नाही, तो जळतो, हेही जळल्यावर कळलं.

हे कुणी घरी करू नका. आज विचार केला तरी अंगावर काटा येतो, खाली ओला स्टेज आणि दोनशे तीसचा प्रवाह. पण सरांचा नियम कडक होता: बरणीजवळ फक्त मी, पायात रबरी चप्पल, एक हात पाठीमागं. आणि मेन स्विचपाशी खुद्द सर, प्रयोग संपेपर्यंत. त्यामुळं सरांनी आपलं एकही नाटक समोरून पाहिलेलं नाही. हे सभेत सांग, बुधवारी.

आणि ठोकळे सहाच होते. दोन माझ्या बरणीखाली असायचे.

पुणेरी_पण_मूळचा

थोडं अवांतर. केशवरावचा उल्लेख आला म्हणून.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तिथं आग लागली तेव्हा मी इथं पुण्यात मोबाइलवर व्हिडिओ बघत होतो. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला केशवरावांची, ज्या गायकनटाचं नाव थिएटरला आहे त्यांची, जयंती. सरांना मी फोन केला. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ मध्ये ते बांधलं, तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर, शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान, हे सगळं आम्हाला सरांनीच तोंडपाठ करून घेतलेलं. शाहू महाराज १९०२ ला विलायतेला गेलेले, तिथली थिएटरं आणि रोमचा तो प्रचंड आखाडा बघून आले, मग एकाच आवारात एका अंगाला नाटक आणि एका अंगाला कुस्ती. सर म्हणायचे, "दोन्हीकडं पडायचंच शिकवतात."

फोनवर मला वाटलं ते रडतील. ते म्हणाले, "रंगपट गेला काय?" मी म्हटलं, सर, छप्पर गेलं, स्टेज गेलं, दगडी दर्शनी भाग राहिलाय. थोडा वेळ गप्प. मग, "स्टेजच्या डाव्या विंगेत एक फळी दबत होती. तिथं कुणीही उभं राहिलं तरी कुरकुरायची. बरीच वर्षं सांगत होतो दुरुस्त करा म्हणून." आणि फोन ठेवला.

तिसरी_घंटा

ती फळी! मी त्या फळीवर उभा राहून एन्ट्रीची वाट बघितलीय. हललं की आवाज. आख्ख्या प्रवेशभर पुतळा.

अक्काताई

केशवरावांवरनं आठवलं. १९२१ चं संयुक्त मानापमान सर दर वर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला सांगायचे. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ८ जुलैला प्रयोग झाला, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर. आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, वय जेमतेम एकतीस. सर गोष्ट सांगताना दोघांचीही पदं म्हणायचे. गळा अजिबात नव्हता. आम्ही खिडकीबाहेर बघत बसायचो, हसू दिसू नये म्हणून.

मी शिकवत असे त्याच शाळेत, खालच्या वर्गांना. स्टाफरूममध्ये सर्वांना सर आवडायचे असं नाही हं. शेवटची घंटा झाल्यावर हॉलची किल्ली त्यांच्याकडं, शिपायाला थांबावं लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर मिशांचा काळा रंग.

गोलकीपर

सरांचा एकच शत्रू होता. फुटबॉल.

पेठेतल्या पोरांना शाहू स्टेडियमवर मॅच असली की तालीम-बिलीम कोण बघतंय! पाटाकडील-दिलबहार या दोन संघांची असली की सेनापतीसकट आख्खं सैन्य गायब. एकदा सर सायकल घेऊन स्टेडियमवर आले, गॅलरीत आमच्या मागच्या पायरीवर बसले. हाफटाइमपर्यंत काही बोलले नाहीत. हाफटाइमला म्हणाले, "उठा, पंधरा मिनिटं आहेत, दुसरा अंक म्हणा." गॅलरीत, दहा-वीस हजारांच्या गलक्यात आम्ही दुसरा अंक म्हटला. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "ऐकू येईना, जरा मोठ्यानं." सर एकदम खूश. "बघा, ही तुमची शेवटची रांग."

पुढच्या वर्षी मला दरवानाचं काम दिलं. "गोल सोडू नको तसा दरवाजा सोडू नको." तेवढंच समजलं मला नाटकातलं.

सातवी_ब

मी वेगळं लिहिणार आहे, राग येणाऱ्यांनी यावा.

मीही सरांच्या नाटकात होते, तीन वर्षं. तिन्ही वर्षं मोलकरीण, भाजीवाली, आणि एकदा भिकारीण. राणी, आई, नायिका ही कामं कायम त्याच चार-पाच मुलींकडं. गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या, बापाची चारचाकी असणाऱ्या. मला आवाज होता, पाठांतर होतं, मी सगळ्यांची वाक्यं पाठ म्हणायचे. कुणी आजारी पडलं की तालमीत बदली उभी मीच. प्रयोगाला नाही.

सर वाईट होते असं म्हणत नाही. त्यांनीच मला प्रॉम्प्टर केलं, आणि वाचनाची सवय त्या वहीनं लागली. पण हा धागा वाचताना वाटतंय की सगळ्यांना देवच आठवतोय. माणूसही होता तो, आणि त्याला जे सगळ्यांना दिसत होतं तेच दिसत होतं.

जुना_बुधवारी

@सातवी_ब सरांना शेवटच्या रांगेतून दिसणारा चेहरा महत्त्वाचा वाटायचा, डालड्याच्या डब्याच्या उजेडात सावळा रंग...

सातवी_ब

दादा, हे वाक्य पुरं करू नका.

जुना_बुधवारी

नाही करत. चुकलंच. खोडत नाही, राहू दे इथं.

प्रकाशयोजक

उजेडाचा प्रश्न नव्हता. उजेड मी देत होतो. पिवळा कागद लावला असता तर कुणीही राणी दिसली असती.

मी_येतो

@सातवी_ब मी त्या चार-पाचांतली एक असेन कदाचित. चारचाकी नव्हती, बाकी बरंचसं लागू. एका प्रवेशात मी वाक्य विसरले आणि विंगेतून तुम्ही ते इतकं अचूक टाकलंत की ते मलाच सुचलं असं वाटलं. तुम्ही त्याच का?

सातवी_ब

"दार उघडं ठेवलंय मी, वाऱ्यासाठी नव्हे." हेच ना?

मी_येतो

हेच. तुमची विपू (विचारपूस) बघा, नंबर टाकलाय.

पांढरा_रस्सा

या धाग्यावर मी टिंगल करायला आलो होतो.

रंकाळाकाठ

कुणी पडद्याबद्दल कसं लिहिलं नाही?

सरांनी एकच मोठा पडदा रंगवलेला, रंकाळ्याचा. शालिनी पॅलेस, पाणी, संध्याकाळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत हॉलमध्ये जमिनीवर कापड पसरून, लांब काठीला ब्रश बांधून, अनवाणी त्या कापडावर चालत रंगवायचे. मी रंगाचे डबे उचलायला होतो. पावडरचे रंग, आणि चिकटायला सरस. सरस उकळायला लागला की जो वास सुटतो त्यापुढं गोठा बरा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू आधी नाटक मंडळ्यांचे पडदेच रंगवायचे, सिनेमा नंतर, हे सर ब्रश चालवत सांगायचे. "बाबूरावांनी कॅमेरा स्वतः बनवला, आपण निदान रंग तरी स्वतः कालवू."

तो पडदा पंचवीस-तीस वर्षं प्रत्येक नाटकाला. ऐतिहासिक असो की सामाजिक, मागं रंकाळा. एका नाटकात प्रसंग काशीचा होता, तरी मागं शालिनी पॅलेस. कुणाला खटकलं नाही, कोल्हापूरकराला काशीतही रंकाळाच दिसणार.

२०१९ च्या पुरात शाळेच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी भरलं. सरसात कालवलेला रंग पाण्यात सुटतो. पडदा काढला तेव्हा पांढरं कापड आणि खाली पाण्यावर निळा-तांबडा तवंग. सर बघायला आले होते, काठी टेकत. आम्ही चार-पाच माजी विद्यार्थी चिखल काढत होतो, कुणाला बोलायचं सुचेना. त्यांनी कापडाचं टोक चिमटीत धरून पाहिलं. "मांजरपाट चांगला होता. अजून टिकलाय. धुऊन ठेवा, परत रंगवता येईल."

नाही रंगवला कुणी. कापड कुठं गेलं माहीत नाही.

सांगलीकर

हे सगळं वाचून माझा एक प्रश्न आहे, खोचक नाही, खराच. नाटकं कुणाची करायचे? संहिता कुठून आणायचे?

जुना_बुधवारी

बहुतेक स्वतःच लिहायचे. म्हणजे, पोरांकडून बोलवून घेऊन लिहायचे. "तुझ्या घरी भांडण झालं की पहिलं वाक्य कोण बोलतं?" असं विचारायचे. त्यामुळं प्रयोगाला पालक बसले की निम्मे खाली बघायचे.

निवृत्त_कारकून

मूळ प्रश्नावर कुणीच नाही, म्हणून लिहितो. त्या शाळेच्या ऑफिसात मी बरीच वर्षं काढली.

शाळेत नाट्यशिक्षक असं पदच मंजूर नसायचं. चित्रकलेचं असायचं. सर आर्ट टीचर डिप्लोमा करून लागले आणि त्याच पदावरून निवृत्त झाले. नाटकाचा एक तास वेळापत्रकात कधीच नव्हता, जे झालं ते शेवटच्या घंटेनंतर. त्याचे पैसे, भत्ता, काही नाही. ड्रेसवाल्याचं भाडं कित्येकदा त्यांच्या पगारातून गेलेलं मी पाहिलंय. तेव्हा "नाट्यशिक्षक" लिहिण्यामागची भावना कळते.

पण दोन गोष्टी. एक, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना त्यांची मुलं दणक्यात पास व्हायची. ते वरवरचे चित्रकला शिक्षक नव्हते. वर्गात बादली-भोपळ्यावर आटोपणारे नव्हते. दुसरी, निरोप समारंभाच्या मानपत्रात आम्ही "नाट्यशिक्षक" लिहिलेलं. छापायच्या आधी दाखवलं तर त्यांनी लाल पेन्सिलीनं खोडलं. म्हणाले, "पगार मी चित्रकलेचा खाल्ला. नाटक माझं घरचं आहे, त्याचं पद लावू नका."

जुना_बुधवारी

हे मला माहीत नव्हतं.

झाड_क्रमांक_२

मग संपलं की. चित्रकला शिक्षक.

तिसरी_घंटा

संपलं कसं? ते त्यांचं म्हणणं झालं. फलक आपण लावतोय. माणूस स्वतःबद्दल कमीच सांगतो.

अक्काताई

काही माणसं कमी सांगत नाहीत, नेमकं सांगतात. लाल पेन्सिल विसरू नका.

गोलकीपर

दोन्ही लिहा. नाहीतर पेनल्टीवर सोडवा.

वाचनमात्र

नमस्कार. सात वर्षं इथं नुसता वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय, टायपिंगच्या चुका माफ करा.

ठोकळे सहा होते. झाड साहेबांच्या वेळी पाच असतील, कारण सहावा माझ्याकडं आहे.

चोरी नाही म्हणता येणार, पण परत केला नाही हे खरं. गॅदरिंगच्या रात्री सामान आवरताना उशीर झाला, पाऊस आला, सर म्हणाले हा एक तुझ्या सायकलीला बांध, उद्या घेऊन ये. उद्या दहावीची प्रिलिम. मग सुट्टी. मग आम्ही इचलकरंजीला राहायला गेलो. पुढं तो घरभर फिरला. आईनं त्यावर शिवणयंत्राचं सामान ठेवलं, मग टीव्ही, आता फ्रिजखाली आहे. २००५ च्या पुरानंतर फ्रिज उंच ठेवायची सवय लागली.

हा धागा वाचून काल फ्रिज सरकवला आणि तो उलटा केला. आत, उघड्या बाजूला, सरांच्या अक्षरात बारीक ब्रशनं लिहिलंय. मी इतकी वर्षं बघितलंच नव्हतं. फोटो टाकता येत नाहीय, टाइप करतो, जसंच्या तसं:

७९ पायरी
८० सिंहासन
८१ विहीर
८२ एस.टी. ची सीट, खिडकीची
८३ काही नाही
८४ आजीची खाट (अर्धी)
८५ विहीर. मागच्यापेक्षा बरी
८६ देव्हारा
८७ बरणीखाली

त्याच्या पुढं नाही. त्याच्या पुढं माझ्याकडंच होता.

प्रकाशयोजक

"बरणीखाली." ती माझी बरणी.

तिसरी_घंटा

८५ ची विहीर मी पाहिलीय, मी तेव्हा सातवीत. पोरगी त्या ठोकळ्यात वाकून हाक मारायची आणि मागं पत्र्याच्या डब्यात तोंड घालून एक जण उत्तर द्यायचा. आम्ही खरंच पाणी बघायला पुढं सरकलो होतो.

सातवी_ब

८३ साली काही नाही, हेही लिहून ठेवलंय.

रंकाळाकाठ

बाकीच्या पाचांवर पण असणार. शाळेच्या कोठीत तीन मी पुरानंतर पाहिलेत, पालथे होते. उद्या जाऊन उलटे करतो.

सांगलीकर

मी सभेला आलो तर चालेल का? ओळख काहीच नाही.

मी_येतो

या की. मी पण येतो.

जुना_बुधवारी

@वाचनमात्र शनिवारी तो ठोकळा आणाल का? चारला सभा आहे. टेम्पोचं बघतो मी, खर्च ग्रुपमधून.

वाचनमात्र

आणतो. टेम्पो कशाला, हलका आहे, मोटारसायकलला मागं बांधून आणतो, तसाच आला होता. फक्त बायको विचारतीय, फ्रिजखाली आता काय ठेवायचं?

झाड_क्रमांक_२

चार विटा. आणि हो, सहा होते. मान्य.